जुनं धोतर, नवा द्राक्षारस

१ नोव्हेंबर २०००, बुधवार, सकाळ

नवं राज्य झालं. रायपूर राजधानी. फटाक्यांमुळे रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तरी राग आला नाही. म्हणजे आला, पण गिळला.

नव्या राज्यात नवा नरहरी. संकल्प : रागावणे बंद. आवाज चढवणे बंद. रोजनिशी शुद्ध मराठीत लिहिणे.

विनोदिनीस संकल्प सांगितला. ती हं म्हणाली आणि दूध बघायला गेली. परत येऊन देवश्रीचा विषय काढला. मी म्हणालो, आजच्या शुभ दिवशी तो विषय नको. शांतपणे म्हणालो. बशी फुटली ती हातातून निसटून.

संध्याकाळ

ऑफिसात गेलो तर माझ्या टेबलावर भोपाळहून आलेला एक माणूस बसून होता. माझ्या टेबलावर. वीस वर्षांपासून त्या टेबलाच्या काचेखाली माझा दत्ताचा फोटो आहे. हेड क्लार्क मी, अन् तो मले विचारते, आपको किससे मिलना है. शुद्ध मराठी उद्यापासून.

५ नोव्हेंबर, रविवार

विनोदिनी दोन दिवसांपासून धड बोलून नाही राहिली. काहून, तर देवश्री.

देवश्री माझी पोरगी. दीड वर्षापूर्वी कोर्टात जाऊन लग्न केलं तिनं. पोट्टा ख्रिश्चन. सुशील गायकवाड. मराठीच आहे, मूळचा अमरावतीकडचा, बाप मिशनच्या शाळेत मास्तर होता. पोट्टा चांगला आहे म्हणतात. म्हणू दे. तेव्हा मी एकच वाक्य बोललो होतो, की या घराचा उंबरठा आता तुले बंद. रागात बोललो. राग गेला, वाक्य राहिलं. आता ते मागं घ्यायचं तर तिनं येऊन विचारायला पाहिजे. अन् उंबरठा बंद असल्यावर ती येईल कशी, असं विनोदिनी विचारते. बायकांचं लॉजिक.

या महिन्यात देवश्री बाळंत होईल. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. इथं तात्यापाऱ्यात आम्ही, तिकडं समता कॉलोनीत ती. मनात आणलं तर माणूस पायी जाईल. विनोदिनी म्हणे, पोरगी सासूच्या हातानं बाळंत होणार अन् आई इथं वांगी चिरून राहिली. मी म्हटलं, मी कुठं नाही म्हटलं? तिनं विचारावं. एका शब्दानं विचारावं बापाले.

विनोदिनीनं सुरी जोरात ठेवली. या घरात राग कोणाले येते ते आता कळलं.

८ नोव्हेंबर, बुधवार

आज सदर बाजारात अपमान झाला. भर बाजारात.

किराण्याच्या दुकानात गायकवाड मास्तर भेटले. व्याही म्हणायचं त्याईले, पण मी म्हणत नाही. हातात डिंकाची पुडी. मले पाहून हात जोडले अन् विचारलं, तुमच्यात बाळंतिणीले डिंकाचे लाडू कितव्या दिवसापासून देतात. मी म्हटलं, विचारायचं तर घरच्या बाईले विचारा. हे शांतपणेच म्हटलं, पण दुकानदार मागं सरकला.

तर मास्तर काय म्हणतात. म्हणतात, साहेब, आमच्या प्रभूनं एक दाखला दिला आहे, तो मले आजकाल रोज आठवते. नवा द्राक्षारस कोणी जुन्या बुधल्यात भरत नाही. चामड्याचा बुधला जुना झाला की ताठरते. नव्या रसाले उकळी असते. बुधला फुटते अन् रसही जाते.

मले बुधला म्हटलं. ताठर म्हटलं. डिंक घेता घेता म्हटलं.

मी म्हटलं, कुठं लिहिलं आहे दाखवा. त्याईनं पिशवीतून लहानसा नवा करार काढला, मराठी, पानाचा कोपरा मुडपून माझ्या हातात दिला अन् म्हणे ठेवा तुमच्यापाशी. मी रागात घेतला. देवाचं पुस्तक रागात फेकता येत नाही, मग ते कोणाच्याही देवाचं असो.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसात वाचला दाखला. आता टेबल दाराजवळ आहे, येणारा जाणारा धक्का मारते. तरी वाचला. अन् सापडलं.

बुधल्याच्या आधी अजून एक गोष्ट आहे. कोऱ्या कापडाचं ठिगळ जुन्या वस्त्राले लावू नये. धुतलं की कोरं आटते अन् जुन्याले घेऊन फाटते. आता घ्या. हेच मी दीड वर्षांपासून बोंबलून राहिलो. जुनं ते जुन्यात, नवं ते नव्यात, सरमिसळ करू नका. यांच्याच पुस्तकात लिहिलं आहे अन् यांनाच माहीत नाही. मास्तर म्हणे तीस वर्षं शिकवत होते.

घरी येऊन विनोदिनीले समजावलं. ती म्हणे, यात समजायचं काय, कोरं कापड जुन्याले जोडत नाहीत हे गोधडी शिवणाऱ्या कोणत्याही बाईले माहीत आहे. मग तिनं विचारलं, यंदा दत्तजयंतीले नवं धोतर घेता का, तात्यांचं फार विरलं.

मी म्हटलं, जमणार नाही. तात्यांचं धोतर म्हणजे माझ्या वडिलांचं. नागपूरहून आणलेलं, बारीक लाल काठाचं, एका टोकाले आईनं रफू केलेलं. तात्या ते रोज नेसत. ते गेल्यावर मी वर्षातून एकदा नेसतो, दत्तजयंतीले. तीस-चाळीस वर्षं धुऊन धुऊन साईसारखं मऊ झालं आहे. मी म्हटलं, जीव जाईपर्यंत तेच नेसीन.

ती हं म्हणाली. आजकाल फार हं म्हणते.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

देवश्रीले पोट्टी झाली. दोघी बऱ्या आहेत.

शेखरनं सांगितलं, हिंदीत. पापा, आप नाना बन गए. आमच्या पोरानं बापाशी मराठीत बोलणं बंद करून जमाना झाला. त्याले कोणी कळवलं, तर सुशीलनं. विनोदिनी कुठं आहे, तर देवळात. सकाळी सातपासून देवळात. दिवेलागणीले परत आली तेव्हा अंगाले शेपा-ओव्याच्या धुरीचा वास. आमच्या देवळात कोणी बाळंतिणीची धुरी देत नाही. मी काही म्हटलं नाही. माणसानं किती मोठं व्हावं.

मले कोणी विचारलं नाही. एका शब्दानं नाही. शेखरनं पेढे आणले, मी हात लावला नाही. नंतर एक खाल्ला, खराब होऊ नये म्हणून.

नाक कोणावर गेलं ते विचारणार होतो. राहिलं.

१९ नोव्हेंबर, रविवार

चोरी.

दत्तजयंती जवळ आली म्हणून पेटी उघडली, धोतराले हवा द्यायले. धोतर नाही. डांबरगोळ्या आहेत, आईचं पातळ आहे, माझा लग्नातला कोट आहे. धोतर नाही.

आधी शेखरले धरलं. स्कूटर पुसायले घेतलं का त्यानं. तो म्हणे, पापा, मैं क्यों लूँगा आपकी धोती. मग कामवाली अंजनाबाई. ती प्रत्येक गोष्टीले हव, हव करत राहिली, म्हणजे हो, हो. घेतलं का, हव. नाही घेतलं का, हव. डोकं फिरलं. मग धोबी. तो तर हिशेब मागून कायमचा गेला.

विनोदिनी इतकं सगळं होऊन उठलीही नाही. खिडकीत बसून काहीतरी टाचून राहिली होती. मी जवळ गेलो तसं उशीखाली सारलं. विचारलं तर म्हणे, उशीचा अभ्रा. वीतभर अभ्रा. घरात एवढीशी उशी कोणाची आहे, असं विचारणार होतो, पण तेव्हा धोतर महत्त्वाचं होतं.

संकल्प मोडलेला नाही. चोरीवर येणारा राग रागात धरत नाहीत.

२२ नोव्हेंबर, बुधवार

गायकवाड मास्तर घरी आले. दारातच उभे. म्हणे रविवारी, तीन डिसेंबरले, घरीच छोटीशी प्रार्थना ठेवली आहे. पोरीचं नाव ठेवायचं. पाळकसाहेब येतील. दोन्ही आजोबांनी दोन शब्द बोलावेत अशी देवश्रीची इच्छा आहे.

विनोदिनीनं त्याईले पाणी दारातच दिलं. दारातच प्याले अन् गेले. आत येऊन बसण्याचे मॅनर्स नाहीत माणसाले. मी विनोदिनीले म्हटलंही. ती म्हणे, तुम्ही उंबरठा बंद केला होता ना, त्याईले वाटलं आपल्यालेही बंद आहे. आता मी काय माणसामाणसाले यादी देऊ?

पण दोन शब्द. म्हणजे भाषण. म्हणजे सगळ्यांसमोर, पाळकसाहेबांसमोर, त्यांचाच दाखला त्याईले समजावून सांगायची संधी.

२५ नोव्हेंबर, शनिवार

आज दाखला खऱ्या अर्थानं समजला. मागची समज अर्धवट होती.

दाखल्यातला नवा द्राक्षारस म्हणजे मी.

साधी गोष्ट आहे. पहिल्या तारखेले संकल्प कोणी केला? मी. नवा कोण झाला? मी. उकळी कोणाले आहे? मले. अन् जुने, ताठर बुधले म्हणजे बाकी सगळे. विनोदिनी, शेखर, ऑफिस, भोपाळवाले, मास्तर. म्हणून मी कुठंच मावून नाही राहिलो. माझ्या रागाचं कारण हे आहे. तो राग नाही, उकळी आहे. इतके दिवस उगाच स्वतःले दोष दिला.

भाषण या अंगानं लिहायचं. तीन भाग. ठिगळ, बुधला, मी. शेवटी देवश्रीले मोठ्या मनानं क्षमा. सगळे रडतील.

ऑफिसात डबा खाताना पहिला भाग बोलून दाखवला. दृष्टांत आजचा घेतला, नव्या राज्याचं मंत्रालय जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरलं तर काय होईल. भोपाळवाला म्हणे, यानी शराब की बात है? बाकीचे हसले. मी म्हटलं, नवीनीकरणाची बात आहे, मूर्ख माणसा. मराठीत म्हटलं. त्याले समजलं तरी.

३० नोव्हेंबर, गुरुवार

अंजनाबाई यायची बंद झाली. धोबी नाही. कपड्यांचा ढीग. विनोदिनी एकटी धुते, एकटी भांडी घासते, अन् दुपारी गायब. मी म्हटलं, धोतरासाठी आता ठाण्यात रिपोर्ट टाकतो. दीड महिना सहन केलं.

शेखर म्हणे, पापा, ग्यारह दिन हुए हैं. हिशेब शिकवते बापाले.

विनोदिनीनं मले बसवलं. चष्मा काढून बोलली, म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणे ठाण्यात जायचं नाही. अन् ऐका. देवश्रीनं तुम्हाले बोलावलं ते मी सांगितलं म्हणून नाही, स्वतःहून बोलावलं. पण ती म्हणाली आहे, बाबा तिथं ओरडले, माझ्या सासरच्यांसमोर, तर मी पुन्हा कधीच बोलावणार नाही. नात तुम्हाले रस्त्यातच दिसेल मग. एवढं पाळाल का.

मी म्हटलं, पाळीन काय, पाळूनच राहिलो. एक तारखेपासून कोणी माझा आवाज चढलेला ऐकला?

तिनं पदरानं काचा पुसल्या. मग चष्मा लावला.

३ डिसेंबर, रविवार, सकाळ

तयारी पूर्ण. भाषण चाळीस मिनिटांचं झालं, कमी करता आलं नाही. इस्त्रीचा शर्ट नाही, धोबी चोर निघाल्यामुळे. पोट्टीसाठी चांदीचे वाळे घेतले. विनोदिनीले दाखवले नाहीत, भाषणाच्या शेवटी खिशातून काढीन.

मन शांत आहे. इतकं शांत की रिक्षावाल्याशी घासाघीसही नाही करणार.

संध्याकाळ

लिहावं का नाही कळून नाही राहिलं. लिहितो.

लहानशी खोली. चटया टाकल्या होत्या. पाळकसाहेब, मास्तर, त्यांची बायको, सुशील, आम्ही तिघं. देवश्री आतून आली. वाळली आहे. दुरूनच नमस्कार केला. मीही दुरूनच मान हलवली. भाषणाआधी भावना वाया घालवायच्या नव्हत्या.

प्रार्थना झाली. नाव ठेवलं साक्षी. मग मास्तर बोलायले उभे राहिले. अन् दाखला सांगितला. माझा दाखला.

म्हणे, देवश्री या घरात आली तेव्हा संध्याकाळी देवापुढं दिवा लावायची. आमच्या घरात ते चालत नव्हतं. मी अन् माझी बायको महिनाभर तिच्याशी बोललो नाही. पोरगी दिवा लावत राहिली, आमच्या प्रार्थनेलेही बसत राहिली. एक दिवस शाळेतल्या पोरांना हजारदा शिकवलेला दाखला माझ्याच अंगावर आला. ताठर झालेला जुना बुधला मी आहे. साहेबांना मी बाजारात तेच सांगायले गेलो होतो, पण बहुतेक नीट सांगता आलं नाही. मग बसले. दोन शब्द म्हटले होते, दोनच बोलले.

माझ्या भाषणात ठिगळ होतं, बुधला होता, मी होतो. बुधला मास्तरांनी घेतला. त्याईले तो घ्यायचा काय अधिकार होता? मी कागद चाळत उभा राहिलो, दुसरीकडून सुरू करता येते का बघत. तेवढ्यात विनोदिनीनं पोट्टी माझ्या हातात ठेवली. म्हणे आधी घ्या तर खरं.

घेतली. एवढीशी. नाक तात्यांचं. झोपलेली. दुपट्यात गुंडाळलेली. दुपट्याले बारीक लाल काठ. अंगात झबलं, तसंच. डोक्याखाली वीतभर उशी, तिच्या अभ्र्याच्या कोपऱ्यावर रफू. आईच्या हातचं.

मी म्हटलं, हे माझं धोतर आहे.

म्हटलं म्हणजे, शेजारच्या घराची खिडकी उघडली. पोट्टी दचकली अन् रडायले लागली. पाळकसाहेबांचा चहा सांडला. मी अजून एकदा म्हटलं. फाडलं, तात्यांचं धोतर फाडलं. अंजनाबाई गेली, धोबी गेला, अन् चोर घरात. हे सगळं मी म्हटलं. सगळ्यांसमोर.

देवश्रीनं पोट्टी घेतली. रडली नाही. म्हणे, बाबा, आपल्यात नव्या बाळाले कोरं कापड घालत नाहीत ना. आंगाले टोचते. घरातल्या वडीलधाऱ्याचं वापरलेलं, मऊ कापड घालतात, त्याचं आयुष्य बाळाले लागते. आई दुसरं देत होती. मीच तात्यांचं मागितलं. मले तुमच्याकडचं काहीतरी पाहिजे होतं.

मग आत गेली. दार लोटून घेतलं.

भाषण झालं नाही. घसा बसला होता. थंडी पडली आहे सध्या.

६ डिसेंबर, बुधवार

विनोदिनी बोलत नाही. शेखर हिंदीतही बोलत नाही. वाळे खिशातच राहिले. ऑफिसात भोपाळवाल्यानं स्वतःहून चहा पाजला, म्हणजे चेहरा किती पडला असेल.

मी चूक कुठं आहे ते तपासून पाहिलं. वस्तू माझी. न विचारता घेतली. राग न्याय्य. तरी जेवण जाऊन नाही राहिलं.

एका शब्दानं विचारावं, असं मी म्हणत होतो. तिनं मागितलं होतं. मले नाही, आईले मागितलं. पण मागितलं.

नवं धोतर आणलं. कांजीनं ताठ. पुठ्ठा नेसल्यासारखं वाटते.

१० डिसेंबर, रविवार, दत्तजयंती

संध्याकाळी जन्माची वेळ. पाळणा सजवलेला, सुंठवडा तयार. मी कोरं धोतर दोन्ही हातांनी धरून पूजेले बसलो, कारण सोडलं की सुटते. घंटा वाजवायची तर कोणत्या हातानं, या विचारात होतो, तेवढ्यात दारात कोणीतरी उभं.

देवश्री. एका हातात पोट्टी, दुसऱ्या हातात घडी केलेलं कापड. उंबरठ्याच्या बाहेर. म्हणे, आत येत नाही बाबा. धोतर परत करायले आले. झबली उसवली, दुपटंही, सगळे तुकडे धुऊन आणले. आई जोडून देईल. तुमची दत्तजयंती अडायले नको.

पोट्टी रडून राहिली होती. लाल झाली होती. मी पाहिलं. अंगात दुकानातलं नवं झबलं. गुलाबी. कडक. मानेजवळ घासून चट्टा उठलेला.

राग आला. असा राग या अख्ख्या नव्या राज्यात कोणाले आला नसेल. मी ओरडलो, पोट्टीले कोरं घातलं काहून. आंगाले टोचते कळत नाही का. सवा महिना झाला नाही अन् थंडीत दारात उभी ठेवली. काढ ते. काढ आधी. आत ये. दारात काय तमाशा पाहून राहिली, आत ये म्हटलं ना.

आली. उंबरठा ओलांडून आली. ते वाक्य कुठं गेलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

खाली रिक्षात मास्तर अन् सुशील बसून होते, ते खिडकीतून दिसले. त्याईच्यावरही ओरडलो. चढून आले. बसले या खेपेले.

विनोदिनीनं तात्यांच्या धोतराचा मोठा तुकडा घेतला, पोट्टीले गुंडाळलं, माझ्या मांडीवर ठेवली. गप्प झाली. नाक तात्यांचंच आहे, आता नीट पाहिलं. वाळे घातले. जन्माची वेळ टळून गेली. दत्त बिचारा पाळण्यात थांबून राहिला. घंटा मास्तरांनी वाजवली, मी सांगितलं म्हणून, माझे हात अडकलेले होते.

मग पोट्टीनं कोरं धोतर ओलं केलं.

मी विनोदिनीले हाक मारली. ती आली, पाहिलं, अन् कितीतरी दिवसांनी हसली. म्हणे, चला, पहिलं धुणं तर आलं. मी विचारलं, तात्यांच्याइतकं मऊ व्हायले अशी किती धुणी लागतील. ती म्हणे, पुष्कळ. पोट्टीले रोज आणत जाऊ.

बघू, म्हटलं. शांतपणे म्हटलं.